इथं कोणी राहत न्हाई

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर अन्याय झाला. गेल्या विधानसभेच्या आधीच्या महालक्ष्म्यांत, जेवणाच्या दिवशी, भर दुपारी, नैवेद्य दाखवून झाल्यावर. आमच्या कॉलेजच्या गावात, खोल्यांच्या गल्लीत, आम्ही भाड्यानं राहायचो त्या घराच्या दारात. ती तेव्हा तिथं नव्हती. मीही नव्हते. आणि जिनं तो केला तिला आपण काही वाईट केलं असं आजही वाटत नाही.

मला पत्रकं लिहायची सवय आहे, म्हणून अशी सुरुवात. आमच्या विद्यार्थ्यांच्या छोट्याशा संघटनेत एक सिनियर ताई होती, तिनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, "पहिल्या ओळीत सांगायचं, कोणावर अन्याय झाला अन् कधी. शेवटच्या ओळीत मागायचं. लाजायचं न्हाई. मधी काय लिहायचं ते लिही, मधलं तसंबी कोणी वाचत न्हाई." एसटीच्या पाससाठी, लायब्ररीतल्या बंद पंख्यांसाठी, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीसाठी मी अशी पत्रकं लिहिली. कडी बसली. पंखे अजून बंद आहेत.

पण या गोष्टीतलं मधलं मला पत्रकासारखं आठवत नाही. दुपारी अर्धवट झोपेत असताना लांबून लाऊडस्पीकर ऐकू यावा, शब्द कळू नयेत, नुसता चढउतार कळावा, तसं आठवतं.

आमचं कॉलेजचं गाव म्हणजे जालन्याच्या रस्त्यावरचं एक तालुक्याचं गाव. घर माझं जालन्यात, मस्तगडाच्या मागं. वडील एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात. मला प्रवेश या गावात मिळाला, म्हणून तीन वर्षं तिथं राहिले. पहिल्यांदा एसटीतून उतरले तेव्हा असं वाटलं की इथं रोजच निवडणूक असते. खांबाखांबाला फलक. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचं नुसतंच 'भावी'. वारा सुटला की सगळे फलक एकदम पोट फुगवायचे आणि एकदम आत घ्यायचे. रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंनी शेकडो हात जोडलेली माणसं श्वास घेतायत असं वाटायचं.

गावाचा कल कुठं, हे कोणालाही विचारा, प्रत्येक जण हातानं दाखवायचा. बाजार लाइनकडं हात करून, "ते तिकडं." शिक्षक कॉलनीकडं, "ते बोलत न्हाईत, पण तिकडंच." मोहल्ल्याकडं, "ते एकगठ्ठा." आमच्या लोकांच्या वस्तीकडं बोट करताना मी समोर आहे हे लक्षात यायचं, आणि मग हात खाली. निवडणुकीच्या वर्षी आरक्षणानं गाव दोन्हीकडून तापलेलं होतं. कॉलेजच्या गेटसमोर चहाच्या दोन टपऱ्या. एकीवर एका बाजूची पोरं, दुसरीवर दुसऱ्या. पहिल्या वर्षी कुठंही बसता यायचं. तिसऱ्या वर्षी मी चुकून पलीकडच्या बाकावर बसले तर टपरीवाला म्हणाला, "ताई, आज इकडं कसं काय?" दोन्हीकडं दूध एकाच डेअरीचं होतं.

एवढं सगळं रंगलेलं गाव, आणि आमच्या गल्लीत एकही फलक नव्हता.

खोल्यांची गल्ली म्हणजे कॉलेजच्या मागचा एक लांब बोळ. दोन्ही बाजूंनी घरं, प्रत्येक घराच्या वर किंवा मागं पत्र्याच्या खोल्या, प्रत्येक खोलीत दोन-तीन पोरी. गल्लीत दिवा नव्हता. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी लायब्ररी सुटली की पोरी मोबाइलचा उजेड पायाशी धरून यायच्या. आमच्या खिडकीतून नुसते उजेडाचे ठिपके हलताना दिसायचे, माणसं दिसायची नाहीत. मला ते फार आवडायचं. आवडायचं आणि राग यायचा, दोन्ही एकाच वेळी.

त्या दिव्यासाठी मी पत्रक काढलं आणि एका पक्षाच्या वॉर्डातल्या कार्यकर्त्याला गाठलं. चांगला माणूस होता. पत्रक शांतपणे वाचून परत दिलं.

"ताई, बराबर लिव्हलंय. पण तुमच्या गल्लीत मतं किती?"

"पोरीच पोरी आहेत, दादा. मोजा."

"पोरी मोजून काय करू? मतं सांगा. पोरं असो का पोरी, मतं सगळी आपापल्या गावाकडं. घरमालकांची तेवढी इथं, अन् त्यांच्या दारात बल्ब हाय." मग जरा खाली आवाजात म्हणाला, "आम्ही सभेला गर्दी पाहिजे तवा तुमच्या गल्लीत येतो. मतं पाहिजे तवा न्हाई."

हे मी खोलीवर येऊन सांगितलं तेव्हा माझी मैत्रीण केस विंचरत होती. ती वाटूर फाट्यापासून आत एका गावातली. घरची शेती, मोसंबीची बाग, गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं घर. खोलीत सोबत राहणारी मी कोणत्या समाजाची हे तिच्या आजीला सांगितलेलं नव्हतं. नुसतं 'जालन्याची पोरगी' एवढंच. मला ते कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही. आमचा तवा एकच होता.

ती म्हणाली, "माझं तर गावाकडं बी न्हाई."

"काय?"

"मत."

मला खरंच वाटलं नाही. वीस वर्षांची पोरगी. वर्गात राज्यशास्त्राचा पेपर माझ्यापेक्षा चांगला लिहायची. भावाचं नाव अठरा पूर्ण झाल्या झाल्या लागलं होतं.

"आमच्याकडं पोरीचं न्हाई लावत," ती म्हणाली. "आमच्याकडं म्हंजे गावातच. लग्न झालं की सासरी लावतात, नव्या नावानं. इथं लावायचं, मंग कमी करायचं, डबल काम. दादा म्हणतात, उगं कशाला."

'दादा' म्हणजे तिचे वडील. वाईट माणूस नाही. तिची फी कधी थकली नाही. दर पंधरवड्याला मोसंबीची पिशवी यायची, तीत माझ्यासाठी वेगळी बांधलेली असायची. पण लेकीचं मत म्हणजे त्यांच्या लेखी हुंडाभांड्यासारखी सासरी पोचवायची वस्तू.

माझ्या घरी उलटं. छप्पन साली आजोबांनी धर्म बदलला, त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत, शाळा आणि मतदान. माझं वय भरलं तेव्हा वडिलांनी कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकून माझं नाव लावलं. मतदानाला ते पांढरा शर्ट घालतात. कारखान्यातल्या ठिणग्यांनी त्यांच्या सगळ्या शर्टांना बारीक भोकं आहेत, त्या एका शर्टाला नाही.

मी लोकसभेला पहिलं मत टाकून आले होते. मैत्रिणीनं मला विचारलं, कोणाला टाकलं ते नाही. विचारलं, "आवाज कसा येतो?"

"बीप."

"छोटा?"

"न्हाई गं, लांब. आपण दचकतो. बीईईईप. बाहेरच्याला बी ऐकू जातो."

"परत काढ."

मी परत काढला. आमच्या खोलीत दाराशेजारी एक जुना बोर्ड होता, त्यातलं एक बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. दुपारी लाइट गेली, पत्रा तापला, दोघी ओली ओढणी तोंडावर घेऊन पडलो की ती पडल्यापडल्या हात लांबवून ते बटण दाबायची आणि म्हणायची, "आवाज." मी डोळे न उघडता आवाज काढायचे. ओढणीतून सगळं निळं दिसायचं. पलीकडच्या रस्त्यानं प्रचाराची रिक्षा जात असायची.

"कोणाला देणार तू?" मी एकदा विचारलं.

"सांगणार न्हाई."

"मला बी?"

"तुला बी." मग ओढणी बाजूला करून म्हणाली, "मी काय खाते, कुठं जाते, कोणाशी बोलते, सगळं सगळ्यांला म्हाईत असतं. दादाला, भावाला, खालच्या मालकीण मावशीला. एक तरी गोष्ट राहू दे ना, माझ्यापाशी."

तिला लग्नाच्या आधी एकदा मत टाकायचं होतं. एवढंच. स्वतःच्या नावानं, बापाच्या आडनावानं, एकदा. तिसरं वर्ष संपलं की सोयरीक बघणार हे ठरलेलं होतं. म्हणजे तिच्या हातात एकच निवडणूक होती, येणारी विधानसभा.

कॉलेजात मतदार नोंदणीचं शिबिर लागलं. टेबल आमच्या संघटनेचंच. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला राहत्या खोलीच्या पत्त्यावर नाव लावता येतं, हे मी माइकवरून सांगून सांगून घसा बसवला. कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं, मग यादीचं काम करणारी बाई घरी येऊन बघून जाणार, की खरंच राहते का. मैत्रिणीनं अर्ज भरला. फोटोसाठी ती माझी कानातली घालून गेली होती. सही करताना 'राहण्याचा पत्ता' या ओळीवर तिचं पेन जरा थांबलं. मी म्हटलं, "लिही ना." तिनं गल्लीचं नाव लिहिलं आणि हसली. त्या संध्याकाळी गल्लीतून येताना म्हणाली, "आता इथला एक दिवा माझा."

आणि मग महालक्ष्म्या आल्या.

आमच्या भागात महालक्ष्म्यांना केवढं महत्त्व, हे इथल्यांना सांगायला नको. दिवाळीला न येणारी माणसं महालक्ष्म्यांना घरी येतात. आमच्या घरमालकीण मावशींचा पुण्याचा मुलगा, सून, नातवंडं, व्याही, सगळे यायचे. म्हणून गल्लीत एक रिवाजच होता. त्या तीन दिवसांत पोरींनी खोल्या मोकळ्या करून द्यायच्या, पाहुण्यांना झोपायला. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. मावशी आदल्या आठवड्यात जिन्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, "पोरीहो, गाद्या गुंडाळून कोपऱ्यात लावा गं! अन् तव्याला हात न्हाई लावणार कोणी, भिऊ नका!"

आम्ही गेलो. मी जालन्याला, ती वाटूरला.

त्या तीन दिवसांचं मी नंतर इतक्यांदा मनात रचून बघितलंय की मी तिथं होते असंच वाटतं. मैत्रिणीनंच मला सांगितलं होतं, महालक्ष्म्या कशा आणतात. दारापासून कुंकवाची पावलं काढतात. मुखवटे हातात घेऊन सुना त्या पावलांवरून चालतात. आणि मूर्ती बसवायच्या आधी त्यांना घरातली एकेक खोली दाखवतात. हे स्वयंपाकघर, ही धान्याची जागा, ही गोठ्याची, ही माडी. पाहुणी म्हणून आलेली असली तरी सगळं घर तिचं. दुसऱ्या दिवशी जेवण. पुरण, आंबील, सोळा भाज्या.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, धूप अजून घरभर असताना, दारात अंगणवाडीच्या ताई आल्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडं. हातात आमच्या गल्लीतल्या अर्जांचा गठ्ठा. सणाच्या दिवशी कोणाला हौस असते, पण वरून मुदत आलेली.

मावशींना त्यांनी विचारलं, "या नावाची पोरगी इथं राहते का?"

मावशी म्हणाल्या, "इथं कोणी राहत न्हाई. येत्यात, जात्यात."

ताईंनी वर बघितलं. वरच्या खोलीतून पुण्याचे व्याही जांभई देत बाहेर येत होते.

मावशींनी ताईंना हळदीकुंकू लावलं, पुरणाची पोळी दिली, पाणी दिलं. घरात जागोजागी कुंकवाची पावलं होती, जिन्यावरही, आमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

हे आम्हाला कळलं ते मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात झाली तेव्हा. तोपर्यंत ती निवांत होती. मधल्या दोन महिन्यांत ते कशाला न जोडलेलं बटण तिनं रोज दाबलं. चिठ्ठी येईना म्हणून आम्ही अंगणवाडीत गेलो. ताई पोरांना खिचडी वाढत होत्या. नाव ऐकल्यावर पळी भांड्यातच ठेवली.

"तो अर्ज तर नामंजूर झाला, बाळा. घरमालकीणच बोलली ना, कोणी राहत न्हाई."

"आता भरला तर?"

"आता मुदत गेली. ह्या निवडणुकीला न्हाई होणार." त्यांनाच वाईट वाटलं. "मी परत आले असते गं. पण मला काय म्हाईत, सणामुळं खोल्या खाली केल्यात म्हणून? मला वाटलं, खरंच कोणी न्हाई."

मी तिथून निघाले ती तरातरा मावशींच्या स्वयंपाकघरात. मैत्रीण मागं, माझी ओढणी धरून. मी ओरडले. जे पत्रकात लिहिते ते सगळं बोलले, हक्क, लोकशाही, संविधान. मावशी मेथी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का बोलून? आता माझं ऐक. पलीकडच्या बोळात एकानं भाडेकरूचं नाव यादीत लागू दिलं. मंग त्याच पत्त्यावर त्याचं रेशन कार्ड आलं. मंग तो खोली सोडंना. कोर्टात गेला. घर अडकलं. तुझ्या काकानं आयुष्यभर बियाण्याच्या दुकानात उभं राहून ह्या चार भिंती उभ्या केल्यात. मी कोणाचं बी नाव इथं लागू देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

"मावशी, मत टाकल्यानं खोली कोणाची होत नसती! तसा कायदाच न्हाई!"

"कायदा तुला म्हाईत. कोर्टाचा खर्चा मला म्हाईत."

मैत्रीण पहिल्यांदाच बोलली. "मावशी, मी कुठं राहते मंग?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही. "तू जाणार ना गं माय आपल्या घरी," त्या म्हणाल्या. "तिथं लाव की. मला तरी कोणी इचारलं होतं? मी लग्न होऊन आले, तुझ्या काकानं नाव लावलं. बटण कोणतं ते बी त्यांनीच सांगितलं. अजून सांगतात." मग डबा पुढं सरकवला. "लाडू घ्या दोघी. दिवाळीचा हाय, तुमच्यासाठी ठेवल्ता."

बापाचं घर म्हणतं, ही जाणार. भाड्याचं घर म्हणतं, ही येते-जाते. सासरचं घर अजून ठरायचंय. वीस वर्षांची, पाच फूट उंच, तांबड्या ओढणीतली पोरगी माझ्यासमोर लाडू हातात धरून उभी होती, आणि कागदावर ती कुठंच राहत नव्हती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गेटसमोर गाड्या लागल्या. दर निवडणुकीला लागतात. प्रत्येक गावाची, प्रत्येक पक्षाची. मतदारांना असं वाहून नेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत, तरी गाडीवाले बोंबलून बोलवायचे, "वाटूर! वाटूर! आपलीच माणसं बसा!" वर्षभर टपऱ्यांवर ज्यांनी एकमेकांची तोंडं बघितली नाहीत ती पोरं गावानुसार एकाच जीपमध्ये मांडीवर मांडी टाकून बसायची. मोबाइलवर एका नेत्याचा फोटो असला तरी जीप दुसऱ्याची असली तर तिच्यातच. गावाचं जे ठरलं असेल ते सकाळी कळणार. कॉलेजच्या गावाचा सगळा रंग असा धुरळ्यात निघून जायचा.

तिचा चुलतभाऊ जीपच्या मागच्या फळीवर लटकला होता. "अय, येऊ राह्यली का?"

"मी कशाला येऊ? माझं मत हाय का तिथं?"

"मंग राह्य निवांत. तुझं मी टाकतो!" सगळी जीप हसली. "वहिनीसाहेब झाली की टाकशील!"

ती पण हसली. मी नाही हसले. जीपमध्ये एकही पोरगी नव्हती, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तीन वर्षं त्या गाड्या बघत होते, आणि नजरेत भरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजकडचं गाव रिकामं. असं गाव मी कधी बघितलं नव्हतं. मेसला कुलूप, टपऱ्यांचे बाक उलटे, झेरॉक्सच्या दुकानांची शटर खाली. आचारसंहितेमुळं फलक उतरवलेले, खांब नुसते उभे. उन्हं कोवळी होती, कापसाचा एक पुंजका रस्त्यावरून कोणाची घाई नसल्यासारखा चालला होता. फक्त खोल्यांच्या गल्लीत पोरी होत्या. जिन्यांवर, कट्ट्यांवर, ओले केस सोडून. सगळ्या गावात त्या दिवशी आम्हीच राहत होतो.

मला जालन्याला मतदानाला जायचं होतं. मैत्रीण म्हणाली, "मी बी येते."

वडील पांढरा शर्ट घालून दारात तयार होते. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी. शाळा घराजवळच, मस्तगडाच्या बाजूला. चालता चालता त्यांनी तिला विचारलं, "पोरी, तुझं झालं टाकून? गावाकडं न्हाई गेली?"

"आमच्याकडं लग्नानंतर लावतात, काका."

वडील चालत राहिले. ते कमी बोलतात, कारखान्यातल्या आवाजानं त्यांना बोलायची सवयच राहिली नाही. शाळेच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "आमच्याकडं काहीच नव्हतं, तवा बी हे होतं." आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

ती बाहेर लिंबाखाली थांबली. मी बटण दाबलं. तो लांब आवाज आला. बाहेर आले तर ती तिथंच, सावलीत, उन्हाचे तुकडे अंगभर. तिनं माझं बोट हातात घेतलं, शाई ओली होती, तिच्या अंगठ्याला लागली.

"आला का गं ऐकू?" मी विचारलं.

"न्हाई. इथपर्यंत न्हाई येत."

मी आवाज काढला नाही. तिनंही काढ म्हटलं नाही. अंगठ्याची शाई तिनं पुसली नाही, येताना एसटीत खिडकीच्या उजेडात तो अंगठा धरून बसली होती.

संक्रांतीच्या सुमारास मी तिच्या गावी गेले. तिनं बोलावलं नव्हतं, मीच गेले. म्हटलं, लग्नाच्या आत नाव लागलं तर निदान कार्ड तरी येईल तिच्या नावाचं. दादांनी मला ओसरीवर खुर्ची दिली, स्वतः बाजेवर बसले. माझं सगळं नीट ऐकलं.

"पोरी, तू म्हणती ते खरंय," ते म्हणाले. "पण चार-सहा महिन्यांसाठी? पाव्हणे बघून गेलेत. लेक काय आमची? आम्ही संभाळणारे फक्त."

"दादा, ती सध्या कुठं राहते?"

ते हसले. "अशी कशी इचारती? इथंच की."

"मंग तेवढंच सांगा. बाई विचारायला आली की तेवढंच सांगायचं."

ते बागेकडं बघत राहिले. मोसंबीला बहार होता, वास ओसरीवर येत होता, इतका गोड की डोळे मिटावेत. "बघू," ते म्हणाले. आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. निघताना तिच्या आईनं मला दारामागं ओढलं आणि हातात तिळाच्या वड्या कोंबल्या. हळूच म्हणाली, "माझं माहेरचं नाव कसं लिव्हतात, ते बी मी इसरले गं."

वैशाखात लग्न झालं. मी गेले होते. मांडवात दोन्ही बाजूंचे पुढारी आले होते, दोघांचेही सत्कार झाले, दोघांनीही वधूवरांना आशीर्वाद दिले. सासरच्यांनी नाव लावायला उशीर केला नाही. तिथं घाई असते. दिवाळीच्या आधी तिचा मेसेज आला, नुसता फोटो. मतदार कार्ड. फोटो तिचा, माझी कानातली नाहीत. नवं नाव, कारण त्यांच्यात लग्नात मुलीचं नावही बदलतात. नवऱ्याचं नाव, नवं आडनाव, नवा पत्ता. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "ही कोण आहे, ओळखू येते का?"

मी बराच वेळ त्या कार्डाकडं बघत होते. मग तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. बीईईईप. तिनं ऐकला, दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं.

ती मत टाकेल, टाकेलच. सासरचे तिला गाडीत बसवून नेतील, बटणही सांगतील. ती काय दाबेल ते मला माहीत नाही, आणि तेवढंच एक मला बरं वाटतं. पण जी पोरगी आमच्या खोलीत ओढणीखाली पडून बंद बटण दाबायची, तिनं कधीच मत टाकलं नाही, आणि आता टाकणारही नाही. त्या नावाची बाई कोणत्याच यादीत कधी नव्हती. ते नाव मी इथंही लिहिलं नाही, कारण तिनं सांगितलंय, सासरी वाचतील. गल्लीत अजून दिवा नाही.

आता शेवटची ओळ. मागते.

तुमच्या दारात एक बाई येईल. अंगणवाडीची असेल, शाळेची असेल. उन्हातून आलेली असेल. विचारेल, इथं कोण कोण राहतं? तेव्हा, ती जाणार आहे, असं म्हणू नका. येते-जाते म्हणू नका. बघू म्हणू नका. तुमच्या घरात अठरा वर्षांची लेक असेल, तुमच्या माडीवर भाड्यानं राहणारी कोणाची लेक असेल, ती घरी असो नसो, सणाला गावी गेलेली असो, तिचं नाव सांगा. तिच्या आत्ताच्या नावानं सांगा. मोठ्यानं सांगा, जिन्यावर ऐकू जाईल असं.